अंगात कणकण आहे. कंपनीत सांगावे की गप्प राहावे?

लेथवाला
२ सप्टेंबर २०२०, रात्री ९.४०

नमस्कार. मी भोसरी औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. नोकरी कायम असून नऊ वर्षे पूर्ण झाली आहेत आणि एकूण पगार १८,६०० रुपये आहे. कंत्राटी मुले धरून आम्ही ६४ जण होतो. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाल्यापासून ४१ उरलो आहोत.

गेटवर सुरक्षारक्षक कपाळासमोर ताप मोजण्याची बंदूक धरतो. आकडा शंभराच्या पुढे गेला की त्या माणसाला तिथूनच घरी पाठवतात. चौदा दिवस यायचे नाही आणि त्या दिवसांचा पगार मिळणार नाही, असा तोंडी नियम आहे. लेखी सूचना कोठेही लावलेली नाही. जुलैमध्ये दोघे असे परत गेले आणि पंधराव्या दिवशी आले, तेव्हा त्यांच्या यंत्रांवर दुसरी माणसे उभी होती. तेव्हापासून आमच्या गेटवर एकालाही ताप आलेला नाही. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे, कारण पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी चहाच्या टपरीमागे पॅरासिटामॉलची गोळी घेणारे लोक मी रोज पाहतो. माझ्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा कंत्राटी मुलगा गोळ्यांचे पाकीट खिशातच बाळगतो आणि मागेल त्याला देतो.

काल घरच्या गणपतीचे बादलीत विसर्जन केले आणि रात्रीपासून माझे अंग मोडून आले आहे. आज संध्याकाळी थर्मामीटरवर १००.४ दिसले. उद्या गुरुवार, म्हणजे आमच्या पट्ट्यातील साप्ताहिक सुट्टी आहे. शुक्रवारी पहिली पाळी आहे. घरकर्जाच्या हप्त्यांना मार्चपासून मिळालेली सवलत ३१ ऑगस्टला संपली असून या महिन्यापासून ७,९०० रुपयांचा हप्ता पुन्हा सुरू होत आहे. भविष्य निर्वाह निधीतून घेता येण्याजोगी उचल मे महिन्यातच घेऊन झाली आहे.

त्यातच गेल्या आठवड्यात कार्यालयात बोलावून आम्हा काही जणांपुढे छापील कागद ठेवण्यात आला. ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असा त्यावर मजकूर आहे आणि सही करणाऱ्यास दोन महिन्यांचा पगार मिळेल, असे सांगण्यात आले. मी विचार करण्यासाठी वेळ मागितला आहे. आता ताप असल्याचे सांगितले, तर तो कागद पुन्हा समोर येईल, ही भीती आहे. न सांगावे, तर घरात सत्तर वर्षांची आई आहे. शिवाय आमच्या गल्लीत मे महिन्यात पत्रे ठोकले होते, तेव्हा पलीकडच्या घरातील मंडळींना लोकांनी कसे वागवले, हे मी स्वतः पाहिले आहे. खरे सांगायचे तर त्यांच्या दाराकडे पाहणे मीही टाळत होतो.

कोणास नेमकी माहिती असल्यास कृपया सांगावी.

निवृत्त फिटर
२ सप्टेंबर २०२०, रात्री १०.५५

पहिली गोष्ट, त्या कागदावर सही करू नका. पिंपरीत चौतीस वर्षे नोकरी आणि त्यातील बरीच वर्षे युनियनचे काम केल्यावर एवढे खात्रीने सांगतो, की माणूस स्वतः लिहून देतो तेव्हा त्याच्या बाजूचा कायदाच संपतो. औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीसाठी कलम २५-फ आहे. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. तुमच्या पगाराने हिशेब केला तर नुकसानभरपाई ८३,७०० रुपये आणि नोटिशीचे १८,६०० रुपये, म्हणजे एक लाखाच्या वर रक्कम होते. ते तुम्हाला ३७,२०० रुपये देऊ करत आहेत. ग्रॅच्युइटी याहून वेगळी असते आणि ती पाच वर्षांनंतर राजीनामा दिला तरी मिळते, त्यामुळे ती जणू मेहरबानी म्हणून देत आहोत असे कोणी भासवले, तर फसू नका. तुमच्याकडे शंभराहून कमी कामगार आहेत, त्यामुळे कपातीसाठी मालकाला सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागणार नाही. परंतु २५-फ मधून त्याची सुटका नाही.

दुसरी गोष्ट तापाची. तुमचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, म्हणजे तुमची ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असली पाहिजे. पगाराची पावती पाहा. तसे असेल तर आजारपणाच्या दिवसांसाठी महामंडळाकडून सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सोडून द्यावे लागतात. तुमचा रोज सुमारे ६२० रुपये पडतो, त्याचे ७० टक्के ४३४ रुपये. सतरा दिवस घरी राहिलात, तर साधारण साडेसहा हजार रुपये हाती येतील. यासाठी ज्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, ती सध्याच्या लाभासाठी ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२० ही आहे, आणि त्या काळात तुमचे काम नियमित होते. टाळेबंदीच्या महिन्यांचा फटका बसायचा तो जानेवारीपासून बसेल, कारण तेव्हा एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजले जातील.

आणि जे आपल्या लोकांना कोणीच सांगत नाही, ते असे, की ईएसआय कायद्याच्या कलम ७३ नुसार आजारपणाचा लाभ घेत असलेल्या किंवा रीतसर प्रमाणित आजारामुळे गैरहजर असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गेटवरून तोंडी परत पाठवलेला माणूस आज कागदावर नुसता गैरहजर असतो. उद्या सुट्टी आहे, तर सकाळीच ईएसआयच्या दवाखान्यात जा, सर्टिफिकेट घ्या आणि त्याची प्रत कंपनीत देऊन पोच घ्या. कोणी पोच देत नसेल, तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्या कंत्राटी मुलालाही हे सांगा. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरच येते.

वॉर्डातली
३ सप्टेंबर २०२०, सकाळी ६.२०

रात्रपाळी संपवून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार उतरत नाही. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो, म्हणून गेटवरची बंदूक तशीही फार थोड्या लोकांना अडवते. गोळी घेतल्यावर ती कोणालाच अडवत नाही. तुम्ही आजच तपासणी करून घ्या. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप कायम असेल, तर आरटी-पीसीआर करून घेतल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. अहवाल येईपर्यंत आईंची खोली, ताटवाटी आणि शक्य असेल तर संडासही वेगळा ठेवा. एकच संडास असेल, तर आईंनी आधी जावे, तुम्ही नंतर जावे आणि बाहेर येताना तो धुऊन यावे. ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र कोणाकडे मिळाले, तर दिवसातून चार वेळा बोटाला लावा. ९४ च्या खाली आकडा दिसला, तर सकाळची वाट पाहू नका.

गल्लीचे म्हणाल, तर एप्रिलमध्ये माझ्या घरमालकिणीने माझा दुधाचा रतीब परस्पर बंद केला होता. दूधवाला माझ्या दारापर्यंत आला, तर तो तिच्याही दारात येतो, एवढेच कारण होते. मी भांडले नाही. रुग्णालयातील माझ्या वापराचा मास्क कसा काढायचा, तो कोठे टाकायचा, हे तिला जिन्यात उभी राहून दाखवले. दूध तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले. सगळीकडे असे होईल असे म्हणत नाही. आमच्या एका सहकारी मुलीला सामान रिक्षात भरून निघावे लागले. पण लोक ज्या गोष्टीला घाबरतात ती त्यांना कोणी जवळून दाखवलेली नसते, हा माझा अनुभव आहे. तुमच्या पलीकडच्या घरच्यांना फोन करा. घरात राहण्याचे दिवस कसे काढायचे, हे त्या गल्लीत त्यांच्याइतके कोणाला माहीत नसेल.

लघुउद्योजक
३ सप्टेंबर २०२०, सकाळी ११.१०

मी दुसऱ्या बाजूचा आहे, त्यामुळे येथे शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहितो. माझ्याकडे २२ माणसे आहेत. २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाचा आदेश आला, की टाळेबंदीच्या काळात कोणाचाही पगार कापू नये. एप्रिल महिन्यात देशातील मोठमोठ्या मोटार कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्य होती. एक गाडी विकली गेली नाही, तेव्हा तिच्या दाराची बिजागरी बनवणाऱ्या माझ्यासारख्याचे बिल कोण देणार होते? एप्रिलचा पगार मी ओव्हरड्राफ्टमधून केला आणि मे महिन्याचा अर्धाच करू शकलो. तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि दोन्ही बाजूंनी बोलणी करून मार्ग काढावा, असे सांगितले. फिटरसाहेबांनी सांगितलेला कायदा बरोबर आहे, परंतु ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत, त्याच्याकडून २५-फ प्रमाणे वसुली करण्यात वर्षे जातात, हेही या भाऊंना सांगायला हवे.

मात्र गेटवरच्या त्या नियमाबद्दल मी मालक म्हणूनच बोलतो. तो नियम माझ्याकडेही होता. जुलैमध्ये माझ्या एका जुन्या माणसाने ताप लपवला आणि आठवड्याभरात पाच जण आडवे झाले. नऊ दिवस शटर बंद राहिले आणि त्यात एक ऑर्डर गेली. त्याला बोलावून विचारले, तर तो म्हणाला, ‘साहेब, चौदा दिवस बिनपगारी राहायला माझ्याकडे चौदा दिवसांचे रेशन नव्हते.’ मी पाचही जणांच्या चौदा दिवसांच्या पगाराचा हिशेब घातला, तेव्हा तो गेलेल्या ऑर्डरच्या निम्माही भरला नाही. आता ताप आधी सांगणाऱ्याला मी सात दिवसांचा पगार देतो आणि उरलेल्या दिवसांसाठी ईएसआयचे कागद आम्हीच भरून देतो. ऑगस्टमध्ये तिघांनी आपण होऊन फोन केला. तुमच्या मालकांना हा हिशेब कोणी मांडून दाखवला आहे का? दयेचा विषय काढू नका. नऊ दिवस बंद शटरचा काढा.

निवृत्त फिटर
३ सप्टेंबर २०२०, दुपारी १२.३०

लघुउद्योजक, वसुलीला वेळ लागतो हे मान्य. पण १२ जूनचा निकाल टाळेबंदीतील पगाराबद्दल होता, कामगारकपातीबद्दल नव्हता, एवढा फरक ठेवा. राजीनामा दिलेल्या माणसाला वसुलीचा अर्जही करता येत नाही.

जुनी पाने
३ सप्टेंबर २०२०, रात्री ९.१५

लपवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. यंदा मार्चमध्ये राज्य सरकारने लागू केला तो हाच १८९७ चा कायदा. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले, तेव्हा लोकांनी आजारी माणसे माळ्यावर आणि अडगळीत लपवली. त्यांना प्लेगपेक्षा सेग्रिगेशन छावणीची अधिक धास्ती होती.

मात्र रोजगाराच्या बाबतीत तेव्हाचे चित्र उलटे होते. मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळाले, गिरण्यांना माणसे मिळेनात आणि एरवी महिना-महिना पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांवर रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवण्याची पाळी आली. कामगारांनी ती मागून घेतली, कारण उद्या शहरात राहू की नाही याची खात्री नसलेला माणूस महिनाअखेरीपर्यंत थांबत नाही. यंदा माणसे पळाली ती रोजगार बुडाल्यावर पळाली. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळाने चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले, ते रोगाच्या भीतीने निघालेले नव्हते.

लेथवाला यांच्या प्रश्नाला हे थेट उत्तर नाही, याची कल्पना आहे. पण आज टपरीमागची गोळी आणि तेव्हाचा माळा एकाच कामाचे आहेत, म्हणून लिहिले.

लेथवाला
२१ सप्टेंबर २०२०, सायंकाळी ७.०५

सर्वांचे आभार. उशिरा लिहीत आहे, कारण मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते.

३ तारखेला सकाळी साडेआठला दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. डॉक्टरांनी तपासणीस पाठवले. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून ‘वॉर्डातली’ यांनी सांगितल्याप्रमाणे आरटी-पीसीआरसाठी नमुना दिला आणि ५ तारखेला तो पॉझिटिव्ह आला. मला पाचव्या दिवसानंतर ताप आला नाही. आईला मात्र संसर्ग झालाच आणि तिला सहा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. काल तिला घरी आणले असून ती स्वतः चालत जिना चढली. कणकण १ तारखेच्या रात्रीच जाणवली होती आणि २ तारखेला दिवसभर मी घरातच मास्कशिवाय वावरलो, हे डोक्यातून जात नाही.

सर्टिफिकेटची प्रत मेहुण्याने गेटवर दिली. आधी पोच नाकारली गेली, म्हणून त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली. दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला. आवाज नरम होता आणि बरे वाटल्यावर फिटनेसचे सर्टिफिकेट घेऊन या, एवढेच सांगितले. राजीनाम्याच्या कागदाचा विषय निघाला नाही. निघणारच नाही, असे मी समजत नाही. ईएसआयचे पैसे अजून जमा झालेले नाहीत. हप्ता मेहुण्याकडून उसने घेऊन भरला.

पलीकडच्या घरी फोन केला होता. त्यांनी मे महिन्याचा उल्लेखही केला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी वरणभाताचा डबा येऊ लागला आणि तो सोळा दिवस आला.

आता एक शंका उरली आहे. शेजारच्या यंत्रावरच्या मुलाला ईएसआयबद्दल सांगितले, तेव्हा कळले की त्याच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जातात. पण ठेकेदाराने त्याला विमा क्रमांक कधीच दिलेला नाही. वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे त्याच्या आधार क्रमांकावरून शाखा कार्यालयात कळू शकेल का? मी उद्यापासून कामावर जाणार आहे आणि गुरुवारी त्याला घेऊन तेथे जाण्याचा विचार आहे.

निवृत्त फिटर
२१ सप्टेंबर २०२०, रात्री ८.४०

आधार कार्ड आणि कापणी दाखवणाऱ्या पगाराच्या पावत्या, असतील तेवढ्या, घेऊन जा. पावत्या नसतील, तर बँकेचे पासबुक न्या. तोंडी विचारू नका. साध्या कागदावर अर्ज लिहून द्या, त्यावर कंपनीचे आणि ठेकेदाराचे असे दोघांचेही नाव घाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्ज लिहिताना अडलात, तर मजकूर येथे टाका, मी पाहून देतो.