मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपमध्ये सीएफ कार्ड टाकलं, आता फायली बिघडतात

गोगलगाय_७५
जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क किरकिरायला लागली म्हणून काढून टाकली आणि तिच्या जागी ॲडॉप्टरवर ८ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. विंडोज ९८ छान चालतंय, आवाज नाही, गरम होत नाही. पण गाण्यांच्या फायली आपोआप खराब होतात. काल नीट वाजलेलं गाणं आज मध्येच खरखरतं. डिस्क तपासणारं विंडोजचं स्कॅनडिस्क म्हणतं सगळं ठीक आहे. काय करू? लवकर सांगा. आणि "नवीन लॅपटॉप घ्या" हा सल्ला नको, तो घरच्यांनी देऊन झालाय.

टाचणी
लॅपटॉप कोणता? मॉडेल, रॅम, कार्ड कुठलं, पार्टिशन (डिस्कवरचा वापरायचा भाग) कशाने केलं, सगळं लिहा. "जुना लॅपटॉप" म्हणजे १९८८ चाही असू शकतो आणि २००८ चाही.

उगाच_एक
व्हायरस. फॉरमॅट मारा.

गोगलगाय_७५
तोशिबाचा छोटा लिब्रेटो १००सीटी, ६४ एमबी रॅम. पण त्याने काय फरक पडतो? आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ती आयडीई.
@उगाच_एक, नेटला जोडलेलाच नाही, व्हायरस येणार कुठून?

सोल्डरबाज
सीएफ हाच मूळ घोळ. मी दोन जुन्या मशिनींत एमसॅटा (छोटी एसएसडी) आणि ४४ पिनचा आयडीई ॲडॉप्टर लावलाय, एक तक्रार नाही. सीएफ कार्ड कॅमेऱ्यासाठी असतं. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर सतत स्वॅप फाइल लिहीत बसतं, कार्ड मरतं.

निवांत नाना
अहो सोल्डरबाज, असं सरसकट ठोकून देऊ नका. सीएफला ट्रू आयडीई मोड असतो, ते मुळातच आयडीई बोलतं. ॲडॉप्टरमध्ये चिपसुद्धा नसते, नुसत्या तारा इकडून तिकडे. एमसॅटाला मात्र मध्ये भाषांतर करणारी ब्रिज चिप लागते, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. आणि स्वॅपने कार्ड मरायचं तर विंडोज आधी कोसळलं असतं. इथे फक्त गाणी बिघडताहेत.

सोल्डरबाज
चिप असली म्हणून काय झालं? चांगली घ्या. माझं तीन वर्षं चाललंय.

निवांत नाना
माझं सीएफ त्याहून जास्त चाललंय. मग?

टाचणी
तुमचं चालू द्या. मला बनावट कार्डाची शंका येतेय. आत २ जीबी असतात आणि सांगतात ८. तेवढे भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढे लिहिलेलं खोटं. नव्या कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्रॅम चालवून पूर्ण कार्ड भरून तपासा.

गोगलगाय_७५
ते बसवण्याआधीच केलं होतं. एकही चूक नाही. कार्ड खरं आहे.

पिंपळपान
या वयाच्या लॅपटॉपात आत बॅकअपची छोटी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. ती गळते आणि बोर्डावरचे ट्रॅक खाते. उघडलाच होता तर पाहिलीत का? हिरवट-पांढरा थर दिसला तर बॅटरी काढून टाका, कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर लावा (गळलेलं द्रव्य अल्कधर्मी असतं), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. एकदम पॉवर देऊ नका.

गोगलगाय_७५
बॅटरीचं विचारलंच नव्हतं. पण पाहतो.

चक्रम_पेंग्विन
विंडोज ९८ कशाला धरून बसलात? जुनं हलकं लिनक्स टाका, लिनक्सची एक्स्ट२ फाइल सिस्टिम (डिस्कवर फायलींचा हिशेब ठेवायची पद्धत) ठेवा. विंडोजच्या फॅट३२ वर विश्वास ठेवणं म्हणजे उघड्या दारात पाकीट ठेवणं.

गोगलगाय_७५
६४ एमबीत? मला जुने गेमही खेळायचेत. आणि लिनक्स टाकल्याने फायली का बिघडतात ते कसं कळणार?

टाचणी
कोणत्या फायली बिघडतात? सगळ्या की ठरावीक?

गोगलगाय_७५
आधी टाकलेलं सगळं व्यवस्थित आहे. कार्ड जवळपास भरलं, तेव्हापासून सुरू झालं. शेवटच्या फोल्डरमधली गाणीच जातात. एक गंमत सांगतो. खराब झालेलं गाणं वर्डपॅडमध्ये उघडून पाहिलं, तर त्या कचऱ्यात मधेच मी आदल्या रात्री टाइप करत असलेल्या पत्राच्या चार ओळी. सेव्हसुद्धा केलं नव्हतं ते पत्र!

मधली_कळ
थांबा. ती गंमत नाही, उत्तरच आहे ते. लॅपटॉप बंद कसा करता? शटडाउन करून की नुसतं बटण दाबून? आणि कार्डाचं पार्टिशन लिब्रेटोवरच केलं की दुसरीकडे?

गोगलगाय_७५
बटण दाबतो. परत चालू केलं की होतं तिथूनच सुरू, शटडाउन कशाला? पार्टिशन आणि फॉरमॅट नव्या कॉम्प्युटरवर कार्ड रीडरमध्ये. पूर्ण ८ जीबीचं एकच. का?

मधली_कळ
लिब्रेटोचं हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं) विंडोज करत नाही, बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, करतं. बटण दाबलं की बायोस रॅममधलं सगळं उचलून डिस्कच्या शेवटच्या भागात लिहितं. त्याला फॅट, फोल्डर, गाणी काही कळत नाही, थेट सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या ठरावीक तुकड्यांवर, लिहितं. तुमचं पार्टिशन अगदी शेवटपर्यंत गेलंय, त्यामुळे तिथे पडलेल्या गाण्यांवर तुमची रॅम लिहिली जाते. म्हणून पत्र सापडलं. कोणती फाइल कुठे ते सांगणारे फॅटचे तक्ते कार्डाच्या सुरुवातीला असतात, त्यांना धक्का लागत नाही, म्हणून स्कॅनडिस्कला काहीच चुकीचं दिसत नाही. कार्ड अर्धं रिकामं होतं तेव्हा ती जागाही रिकामी होती, त्यामुळे काही जाणवलं नाही.

उपाय: बॅकअप घ्या, पार्टिशन उडवा आणि लिब्रेटोवरच फ्लॉपीवरून एफडिस्क हा पार्टिशन करायचा प्रोग्रॅम चालवा. १०० टक्के जागा घेऊ नका. ६४ एमबी रॅम, व्हिडिओ मेमरी आणि थोडी सैल जागा धरून शेवटचे १०० एमबी मोकळे ठेवा. पुढे मोठं कार्ड घेतलंत तर जास्त सांभाळा, कारण ८.४ जीबीच्या पुढचं बायोसला दिसत नाही. मग ही लिहायची जागा कार्डाच्या मधोमध येते.

सोल्डरबाज
म्हणजे एमसॅटा लावलं असतं तरी हेच झालं असतं?

मधली_कळ
हो.

सोल्डरबाज
तरी एमसॅटाच बरं.

निवांत नाना
😀

चक्रम_पेंग्विन
लिनक्सवरही हेच होईल का?

मधली_कळ
होईल. बटण दाबल्यावर बायोस कोणतीही सिस्टिम असो, तिथेच लिहिणार. एक्स्ट२ असली म्हणून सुटका नाही.

गोगलगाय_७५
केलं. एफडिस्कने जागा रीडरमधल्यापेक्षा थोडी कमीच दाखवली, त्यातूनही १०० एमबी सोडले. कार्ड गच्च भरलं, बटण दाबून बंद-चालू केलं आणि पीसीएमसीआयए या बाजूच्या खाचेतल्या दुसऱ्या कार्डावरच्या मूळ फायलींशी एफसी /बी या फायली जुळवून पाहायच्या कमांडने ताडून पाहिलं. फरक नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आभार.

टाचणी
पहिल्या दिवशी मॉडेल कुणी लिहिलं नव्हतं?

शिकाऊ_०७
माझ्याकडे पण जुना लॅपटॉप आहे, त्यात वायफाय कार्ड टाकायचंय. कोणतं घेऊ?

टाचणी
मॉडेल?