कायम पाण्यात ठेवलेल्या पाँटून बोटीच्या नळ्यांवर पांढरी भुकटी आणि खड्डे

प्रश्न

माझ्या पाँटून बोटीला तिला तरंगत ठेवणारे ॲल्युमिनियमचे दोन पोकळ नळे आहेत. आजवर ती ट्रेलरवर असे आणि वापरापुरतीच पाण्यात उतरे. गेल्या हंगामात मात्र ती प्रथमच गोड्या पाण्याच्या तलावात जेट्टीला बांधून सलग आठ महिने पाण्यातच ठेवली. परवा बाहेर काढल्यावर पाणरेषेखाली शेवाळाचा जाड थर होता, आणि तो असणार हे गृहीतच धरले होते; पण तो धुतल्यानंतर नळ्यांवर जागोजागी पांढरट भुकटीचे ठिपके दिसले. नखाने खरवडल्यास भुकटी सुटून येते आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उरतो. असे खड्डे डाव्या नळ्याच्या मागच्या भागात अधिक आहेत. दोन्ही नळ्यांवर जस्ताचे ॲनोड बसवलेले आहेत आणि ते आठ महिन्यांत जवळपास झिजलेले नाहीत, त्यामुळे संरक्षण व्यवस्थित चालले आहे असे मी समजत होतो. माझ्याकडे फायबरच्या जुन्या बोटीसाठी आणलेला, तांबे असलेला शेवाळरोधक रंग शिल्लक आहे. तो लावून बोट पुन्हा पाण्यात सोडावी का? आणखी एक गोष्ट म्हणजे, शेवटच्या महिन्यात बोट डावीकडे मागे किंचित कलल्यासारखी वाटत होती.

पहिले उत्तर

तो रंग कृपया लावू नका. त्याविषयी दुसरे कोणी सविस्तर लिहील, मी ॲनोडविषयी लिहितो.

ॲनोड झिजला नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. ॲनोडने स्वतः झिजायचे आणि नळ्याला वाचवायचे, यासाठीच तो बसवलेला असतो. तो जसाच्या तसा राहिला याचा अर्थ त्याने काम केलेले नाही. गोड्या पाण्यात जस्तावर एक कठीण कवच धरते आणि त्यानंतर ते निष्क्रिय होते. म्हणून गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे, खाडीच्या मचूळ पाण्यासाठी ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे आणि समुद्रात जस्ताचे किंवा त्याच ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड वापरतात. मॅग्नेशियमचे ॲनोड लावलेली बोट पुढे समुद्रात नेणार असाल, तर आधी ते बदलावे लागतील, कारण खाऱ्या पाण्यात ते फार वेगाने संपतात आणि त्यांचा अतिरेकी प्रभाव रंगाला व खुद्द ॲल्युमिनियमलाही बाधतो.

ॲनोड योग्य धातूचा असूनही निरुपयोगी ठरल्याचे मी पाहिले आहे, कारण तो रंगावरच बोल्टने आवळलेला होता. ॲनोड आणि नळा यांचा धातूला धातू लागलाच पाहिजे. मल्टिमीटरची एक टोकणी ॲनोडवर आणि दुसरी नळ्याच्या उघड्या धातूवर टेकवून पाहा. रोध एक ओहमपेक्षाही कमी यायला हवा. ॲनोडवर रंगाचा हात कधीही फिरवू नये, आणि तो निम्मा झिजला की बदलावा.

दुसरे उत्तर

नेहमीच्या शेवाळरोधक रंगात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे संयुग असते. फायबरच्या बोटीला त्याने अपाय होत नाही, परंतु ॲल्युमिनियमवर रंगाला एखादा ओरखडा गेला आणि तांबे ओल्या धातूला भिडले, की तेथे जणू विद्युतघट तयार होतो आणि त्यात खाल्ले जाते ते ॲल्युमिनियमच. तुमच्या नळ्यांवर आधीच खड्डे असल्यामुळे धोका अधिक आहे. ॲल्युमिनियमसाठी म्हणून बनवलेला, क्युप्रस ऑक्साइड नसलेला रंगच घ्या आणि त्याखाली एपॉक्सी प्रायमरचे पुरेसे थर द्या.

रंगापेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची असते. ॲल्युमिनियम घासले की काही मिनिटांतच त्यावर ऑक्साइडचा नवा पापुद्रा धरू लागतो, म्हणून एका दिवशी सगळे घासून दुसऱ्या दिवशी प्रायमर लावण्याची पद्धत येथे चालत नाही. जेवढा भाग लगेच प्रायमरखाली जाईल, तेवढाच घासावा. लोखंडी तारेचा ब्रश मुळीच वापरू नका, त्याचे सूक्ष्म कण धातूत रुततात आणि तेथूनच नवे खड्डे सुरू होतात. शेवाळ ओले असतानाच प्लास्टिकच्या खरवडणीने आणि मऊ ब्रशने सहज निघते. वाळल्यावर मात्र ते चिवट होते. नळे चकचकीत करणारी तीव्र आम्लयुक्त द्रावणे शक्यतो टाळावीत. त्यांपैकी काहींत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, आणि त्याने त्वचेला होणारी इजा आरंभी जाणवतही नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. रंगाचा डबा बाजूला ठेवला आहे. मल्टिमीटरने पाहिले असता उजव्या ॲनोडचा संपर्क चांगला आहे, डाव्याचा मात्र जवळपास नाहीच. बोल्टखाली जुना रंग निघाला. बॅटरी भारित राहावी म्हणून बोट पूर्ण वेळ जेट्टीवरच्या वीजपुरवठ्याला जोडलेली होती, हे मी आधी लिहिले नव्हते. तसेच पाण्यात असताना घेतलेली मापे टिपणवहीत सापडली: पाण्यापासून डेकपर्यंतची उंची डावीकडे मागे उजवीपेक्षा ५ सेंटिमीटर कमी होती.

तिसरे उत्तर

बोट कलण्याचे कारण शोधताना आधी साधी कारणे बाजूला काढावीत. बॅटरी आणि इंधनाची टाकी एकाच बाजूला असतील, तर टाकी भरल्यावर असा कल पडू शकतो. टाकी दोन्ही वेळा सारखीच भरलेली असूनही कल वाढत गेला असेल, तर नळ्यात पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. तुमचे खड्डेही त्याच जागी आहेत, त्यामुळे मला तरी तोच संशय येतो. नळे आतून आडव्या पडद्यांनी कप्प्यांत विभागलेले असल्यामुळे एक कप्पा भरला तरी बोट तरंगतच राहते, आणि म्हणूनच गळती बराच काळ लक्षात येत नाही. ४० लिटर पाणी शिरले म्हणजे ४० किलो वजन कायमचे त्या कोपऱ्यावर बसले.

निचऱ्याचे बूच असल्यास ते काढून पाणी वाहू द्या. त्यानंतर कप्प्यात हवा भरून सांध्यांवर आणि खड्ड्यांवर साबणाचे पाणी लावा. गळतीच्या जागी बुडबुडे येतील. येथे एका गोष्टीची अत्यंत काळजी घ्या: दाब २ पीएसआयपेक्षा वाढवू नका. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु ६० सेंटिमीटर व्यासाच्या नळ्याच्या टोकावर एवढ्या दाबानेही सुमारे ४०० किलो वजनाइतका जोर येतो. कॉम्प्रेसर थेट जोडल्यामुळे फुगून वाकडा झालेला नळा मी स्वतः पाहिला आहे, आणि तो पुन्हा सरळ होत नाही. हातपंप आणि कमी दाबाचा मापक एवढे साहित्य पुरते.

गळकी जागा सापडल्यास एपॉक्सीचे ठिगळ तात्पुरते समजावे. कायमची दुरुस्ती म्हणजे ॲल्युमिनियमचे काम जाणणाऱ्या वेल्डरकडून टिग वेल्डिंग, आणि तेही इंधनाची टाकी उतरवून, नळा आतून पूर्ण कोरडा केल्यानंतरच.

पहिल्या उत्तरकर्त्याची पुढील नोंद

वीजजोडणीचा उल्लेख आल्याने चित्र बरेच स्पष्ट झाले. जेट्टीवरच्या जोडणीतील अर्थिंगच्या तारेने तुमचे नळे शेजारच्या बोटींच्या प्रोपेलरशी आणि जेट्टीच्या पोलादी खांबांशीही जोडले जातात. या सर्वांत ॲल्युमिनियम लवकर झिजणारे, म्हणून तुमची बोट आठ महिने सगळ्या जेट्टीचा ॲनोड होऊन राहिली असण्याचा संभव आहे. यावर उपाय म्हणजे अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घेणे. तो झिजेला कारण होणारा अल्प दाबाचा प्रवाह अडवतो, परंतु बिघाडाच्या वेळी धोक्याचा प्रवाह जमिनीकडे जाऊ देतो. काही जण अर्थिंगची तारच कापून टाकतात. ते कदापि करू नका. गोड्या पाण्यात गळता प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून सहज वाहतो आणि माणूस जागच्या जागी बुडू शकतो. बॅटरीपुरतीच वीज हवी असेल, तर छतावर छोटे सौर पॅनेल बसवून जेट्टीची जोडणी सोडून देणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

खड्ड्यांची खोली मापकाने मोजून घ्या. नळ्याचा पत्रा साधारणतः २ ते २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. १ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला प्रत्येक खड्डा खडूने वर्तुळ काढून वेल्डरला दाखवावा, असे माझे मत आहे. उथळ खड्ड्यांतील भुकटी मात्र पूर्ण काढल्याशिवाय प्रायमरखाली जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

डाव्या नळ्याचे मागचे बूच आज सकाळी काढले. धार थांबेपर्यंत दोन बादल्या भरून तिसरी अर्धी झाली. मागच्या कप्प्याची हवेची चाचणी उद्या घेतो, आणि तोवर मॅग्नेशियमचे ॲनोड मागवून ठेवले आहेत.