भाड्याच्या गाडीतली चिडचिड: दोष चालवणाऱ्याचा की गाडीचा?

चाकोरी:

माझं मत आधीच मांडते. नेहमीची गाडी सोडून भाड्याची गाडी हातात घेतली की जी चिडचिड होते, ती "सवय नाही, होईल हळूहळू" म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती धोक्याची आहे. आणि तिची जबाबदारी गाड्या बनवणाऱ्यांवर आणि त्या भाड्याने देणाऱ्यांवर आहे.

आपल्या गाडीत हातापायांना सगळं पाठ असतं. क्लच कुठे पकडतो, रिव्हर्स टाकताना दांडी दाबायची की उचलायची, बॉनेट कुठे संपतं, मागचा बंपर भिंतीपासून किती राहिला. डोकं फक्त रस्त्याकडे असतं. आता गाडी बदला. वळणाआधी बोटं आपसूक इंडिकेटरच्या नेहमीच्या दांडीकडे जातात आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरत सुटतात. यावर सगळे हसतात, मला मात्र हसू येत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत काय होतं बघा. नजर रस्त्यावरून दांडीवर येते, एक हात वायपर बंद करायला धडपडतो, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग अर्धवट वळवून धरलेलं असतं, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही वळणार आहात याचा पत्ताच नसतो. वायपर फिरले ते जाऊ द्या, इंडिकेटर लागला नाही ना!

जपानमधल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो. युरोपीय कंपन्या स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असो, तो डावीकडेच देतात. वायपरचं, धुक्याच्या दिव्याचं, मागची काच साफ करण्याचं चित्र मात्र जवळपास सगळीकडे सारखं, कारण चिन्हांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चित्रावर एकमत झालं, मग जागेवर का होत नाही?

होऊ शकतं, हे गिअरच्या बाबतीत दिसलेलं आहे. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरचा क्रम एकेकाळी कंपनीगणिक वेगळा होता. काहींत रिव्हर्स अगदी टोकाला, पुढे जायच्या गिअरला खेटून. १९६८ पासून सुरक्षा नियम आला की रिव्हर्स आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. म्हणून आज पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) हा क्रम सगळ्यांच्या हातात बसलेला आहे. आणि आता तेही मोडत चाललंय. कुठे फिरवायची चकती, कुठे बटणं, कुठे स्टिअरिंगमागची दांडी, म्हणजे इंडिकेटर द्यायला गेलेला हात थेट गिअरवर!

माझी मागणी साधी आहे. किल्ली हातात देण्याआधी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसवून सगळं दाखवणं भाड्याने देणाऱ्यांना सक्तीचं करा.

तिठा:

चाकोरी, पूर्ण असहमत.

परवाना गाड्यांच्या वर्गाचा असतो, एका विशिष्ट गाडीचा नव्हे. ज्याला एकच गाडी चालवता येते त्याला गाडी चालवता येते असं मी म्हणणार नाही. सीट पुढेमागे करा, आरसे लावा, सगळ्या दांड्या एकदा हलवून बघा, ब्रेक दाबून बघा, आवारातच एक चक्कर मारा. हे करायला कोणी अडवलंय? बहुतेक लोक किल्ली मिळाली की सामान टाकतात, मोबाइलवर नकाशा लावतात आणि निघतात. मग पहिल्या सिग्नलला कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. आपल्या गाडीची सवय म्हणजे तिच्या दोषांचीही सवय. क्लच घासत जातो तसा तो वर पकडायला लागतो, पण रोज एक केसभर, त्यामुळे पायाला कळतच नाही. स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं, तर हात नकळत उलटा जोर लावत राहतात. ब्रेकचं पेडल मऊ पडलेलं असतं. अशी गाडी चालवणारा भाड्याच्या गाडीत बसला की पहिल्या ब्रेकला सगळ्यांची डोकी पुढे जातात आणि हा म्हणतो, "याचे ब्रेक फार कडक आहेत." ब्रेक तसेच असायला हवेत! मला तर वाटतं, प्रत्येकाने अधूनमधून परकी गाडी चालवावी. आपली गाडी गॅरेजला न्यायची वेळ झालीय हे तिथे कळतं.

मोकळावारा:

चाकोरी यांना +१.

तिठा, "आधी बघून घ्या" हे ठीक, पण काय बघून घ्यायचं? बुकिंग करताना गाडीचा वर्ग मिळतो. फोटो एका मॉडेलचा, खाली बारीक अक्षरांत "किंवा तत्सम". काउंटरवर पोचेपर्यंत कुठली गाडी मिळणार ते कळत नाही. घरी बसून मॅन्युअल वाचायचं तर कशाचं? आणि गाडी घेतो ती बहुधा लांबच्या प्रवासानंतर, दमलेल्या अवस्थेत, अनोळखी गावात, कधी रस्त्याची बाजूही उलटी असताना. म्हणजे नवी गाडी, नवा रस्ता आणि थकवा तिन्ही एकाच वेळी.

दुसरागिअर:

विमानांचं उदाहरण देतो, कारण तिथे हा प्रश्न फार पूर्वीच गांभीर्याने घेतला गेला.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरचे वैमानिक विमान सुखरूप उतरवायचे आणि मग धावपट्टीवर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच आत घ्यायचे. आधी "वैमानिकाची चूक" असंच म्हटलं गेलं. अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. दोन्ही खटके दिसायला सारखे आणि शेजारीशेजारी. उपाय असा निघाला की एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि दुसऱ्याला फ्लॅपच्या आकाराची. आज मोठ्या प्रवासी विमानांत या मुठींचे आकार नियमानेच ठरलेले आहेत. शिवाय मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वैमानिकाला वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारापुरता परवाना, घ्यावं लागतं. "तुला विमान चालवता येतं ना, मग हेही घे" असं तिथे कोणी म्हणत नाही.

गाड्यांतलंही एक उदाहरण आहे. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरची दांडी इलेक्ट्रॉनिक होती आणि ढकलून सोडली की पुन्हा मधल्या जागी यायची, त्यामुळे गाडी पार्कमध्ये गेली की नाही हे हाताला कळायचं नाही. लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्यांतले बरेच जण स्वतःच्या, रोजच्या गाडीत होते. मग जो त्या गाडीत पहिल्यांदाच बसलाय त्याचं काय?

तिठा:

दुसरागिअर, त्या उदाहरणाने माझंच म्हणणं पुढे जातं. तो त्या रचनेतला दोष होता, म्हणून गाड्या परत बोलावल्या. रचना सदोष असणं आणि रचना वेगळी असणं या दोन गोष्टी आहेत. इंडिकेटर डावीकडे असणं हा दोष नाही.

आणि वैमानिकाला तीनशे माणसं घेऊन, थांबता न येणारं यंत्र उतरवायचं असतं. गाडी बाजूला घेऊन उभी करता येते. गोंधळलात तर थांबा, एवढं साधं आहे. सगळं एकसारखं करा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की चढावर गाडी धरून ठेवणारा ऑटो होल्ड, आपोआप लागणारा पार्किंग ब्रेक, मागचा कॅमेरा हे सगळं कोणीतरी चाकोरी मोडली म्हणून आलं. (चाकोरी, तुमच्या नावावर टीका नाही.)

चाकोरी:

तिठा, नव्या सोयींना माझा विरोध नाही. पण ऑटो होल्डचंच घ्या. ज्याच्या गाडीत तो आहे तो ब्रेकवरून पाय काढून निर्धास्त बसतो. त्याला ऑटो होल्ड नसलेली, किंवा बंद करून ठेवलेली गाडी द्या. चढावर पाय काढला की गाडी मागे. मग हँडब्रेक ओढायला हात जातो तर तिथे कप ठेवायची जागा! बोटाएवढं बटण कुठेतरी स्टिअरिंगच्या खाली, आणि ते दाबायचं की ओढायचं हे मागच्या गाडीचा हॉर्न ऐकत ठरवायचं. इथे बाजूला घेऊन थांबा म्हणता, थांबायला ब्रेक तर सापडू दे.

किल्लीवाला:

मी बरीच वर्षं गाड्या भाड्याने देण्याच्या काउंटरवर काम केलंय, तेव्हा पलीकडची बाजू सांगतो.

गाडी ताब्यात देताना सगळा वेळ ओरखड्यांत जातो. कुठे पोचा आहे, कुठे रंग उडालाय, फोटो काढा, टाकीचा काटा दाखवा, सही घ्या. गाडी कशी चालवायची यासाठी फॉर्मवर रकानाच नाही. मी स्वतःहून सांगायला जायचो, "साहेब, ही ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय सुरू होत नाही," तर समोरच्याचा चेहरा पडायचा. मला काय गाडी येत नाही की काय, असा. रांगेतले मागचे सुस्कारे टाकायचे ते वेगळंच. त्यामुळे तिठा म्हणतात त्यात तथ्य आहे, लोक ऐकून घेत नाहीत.

मग फोन यायचे. सर्वांत जास्त फोन पेट्रोल पंपावरून, टाकीचं झाकण कसं उघडायचं म्हणून. कुठे सीटशेजारी खटका, कुठे डॅशबोर्डखाली बटण, कुठे झाकणच दाबायचं. दाबायच्या प्रकारात दरवाजे लॉक असतील तर ते उघडत नाही, हे कोणालाच सुचत नाही. माणूस पंपावर उभा राहून झाकण बडवत असतो.

टाकी कुठल्या बाजूला ते बहुतेक गाड्यांत काट्याशेजारच्या छोट्या बाणावरून कळतं. हा बाण फोर्डमधल्या जिम मॉयलन यांना १९८६ मध्ये सुचला. कंपनीची गाडी घेऊन निघाले होते, भर पावसात पंपावर चुकीच्या बाजूने लावली आणि भिजले. परत येऊन त्यांनी लगेच सूचना लिहून दिली, आणि १९८९ च्या मॉडेलांत बाण आला. स्वतःच्या गाडीत हे सुचलं नसतं असं मला वाटतं. परक्या गाडीत बसलेल्या माणसाचं कंपन्यांनी जास्त ऐकावं, ते यासाठी.

जाता जाता: गाडी परत करताना आपला मोबाइल तिच्या यादीतून काढून टाका. आधीच्या लोकांचे नंबर, घरचे पत्ते पडद्यावर तसेच राहिलेले मी कितीदा पुसलेत.

मोकळावारा:

पडद्याचा विषय निघालाच आहे तर. एका स्वीडिश वाहन मासिकाने २०२२ मध्ये चाचणी घेतली. ताशी ११० किमी वेगाने जाताना एसी, रेडिओ वगैरेंची ठरावीक कामं करायची. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोत १० सेकंद लागले, सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत ४४.६ सेकंद. आणि या चालकांना गाडी समजून घ्यायला आधी वेळ दिला होता! भाड्याने घेणाऱ्याला तोही नाही. काच धुरकट झाली की गरम हवा काचेवर सोडायचं बटण तीन मेनू खाली शोधायचं, हे मला पटत नाही. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही आता भूमिका घेतली आहे: २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझार्ड दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण कापले जाणार.

तिठा:

ते मला मान्य आहे. टचस्क्रीनची बाजू मी घेत नाही.

दुसरागिअर:

आणि पिकपिकणाऱ्या सूचना? युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू केली की ती चालू. हेतू चांगला, मी विरोध करत नाही. पण भाड्याचा ताफा नेहमी नवा असतो, त्यामुळे जुनी गाडी वापरणाऱ्याची या सगळ्याशी पहिली भेट भाड्याच्या गाडीतच होते. लेन सोडली म्हणून स्टिअरिंग हातात आपणहून वळलं, तर ज्याला हे माहीत नाही तो घाबरून उलटा झटका देतो. इलेक्ट्रिक गाडी मिळाली तर आणखीच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती ब्रेक लागल्यासारखी हळू होते. निदान एवढं तरी आधी सांगायला हवं.

तिठा:

सांगा ना. सांगण्याला माझा विरोध नाही, सक्तीला आहे. किल्लीवाला, तुम्हीच बोला. दहा मिनिटं बसायला नकार देणाऱ्याला किल्ली देणार नाही असं म्हणाल का?

किल्लीवाला:

एकट्याने म्हणता येणार नाही. तो शेजारच्या काउंटरवर जाईल. सगळ्यांना एकच नियम असेल तर मात्र म्हणेन, आणि आनंदाने म्हणेन. दहा मिनिटंही नकोत. पाच गोष्टी त्याने स्वतःच्या हाताने करून दाखवायच्या: इंडिकेटर, वायपर, समोरची धुरकट काच साफ करणं, पार्किंग ब्रेक लावून काढणं, रिव्हर्स टाकणं. आम्ही बोलायचं नाही, फक्त बघायचं. त्याचा अपमान वाटायचा प्रश्नही मग उरत नाही, कारण सगळ्यांनाच करावं लागतं.

चाकोरी:

किल्लीवाला, हे माझ्या मागणीपेक्षा चांगलं आहे. दहा मिनिटांचा हट्ट मी सोडते. फक्त त्यात टाकीचं झाकणही घाला.

तिठा:

असा नियम आला तर मी तो पाळेन, रांगेत उभा राहून पाचही गोष्टी करून दाखवेन. पण त्याच्या बाजूने मत देणार नाही. ज्या माणसाला अनोळखी गाडीत बसल्यावर वायपर कुठे आहे हे आधी बघावंसं वाटत नाही, तो ही परीक्षा देऊन बाहेर पडेल आणि पुढच्या वळणावर मोबाइल बघत बसेल. त्याच्यासाठी उरलेल्या सगळ्यांनी रांगेत का उभं राहायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मोकळावारा:

कारण त्याच्या पुढच्या वळणावर समोरून तुम्हीच येत असाल, तिठा.