बाजूला १२ बटणांचा माऊस: सेटिंग माऊसमध्येच राहतं का?

एमएमओ (एकाच वेळी हजारो जण ऑनलाइन खेळतात तो) गेमसाठी बाजूला अंगठ्याखाली १२ बटणं असलेला वायर्ड माऊस घ्यायचाय. रेझर नागा ट्रिनिटी आणि कॉर्सेअर सिमिटार यांत अडकलोय. नागाच्या बाजूच्या प्लेट बदलता येतात (२, ७ किंवा १२ बटणं), सिमिटारचं बटणांचं पॅनल पुढेमागे सरकतं. माझा हात लहान आहे, त्यामुळे सरकणारं पॅनल मला जास्त पटतंय. पकड पाम ग्रिप (पूर्ण तळवा माऊसवर टेकवून), उजवा हात. वजन आणि डीपीआयची (पॉइंटर किती वेगाने सरकतो त्याची) चिंता नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. दिवसा हाच माऊस कामाच्या लॅपटॉपला लावणार, आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. सध्याच्या माऊसला ५ बटणं आहेत, पण त्याची प्रोफाइल (बटणांना दिलेली कामं) सॉफ्टवेअर बंद केलं की गायब होते. ऑटोहॉटकी (बटणांना हवी ती कामं देणारं सॉफ्टवेअर) घरी छान चालतं, कामाच्या लॅपटॉपवर तेही टाकता येत नाही.

वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: घरी कंट्रोल+शिफ्ट+आकडा अशी कळांची जोडणी १२ही बटणांना देऊन ऑनबोर्ड मेमरीत (माऊसच्या स्वतःच्या मेमरीत) साठवली, तर दुसऱ्या मशीनवर ती जशीच्या तशी चालते का, की फक्त डीपीआय आणि लाइटच टिकतात?