मदत हवी आहे: ब्राउझरमध्ये तारीख मराठीत, सर्व्हरवर इंग्रजीत

नमस्कार मंडळी,

एका सोसायटीसाठी मेंटेनन्सच्या पावत्यांचं छोटं ॲप जावास्क्रिप्टमध्ये लिहितोय. ब्राउझरमध्ये 'एमआर-आयएन' लोकेल (भाषा आणि देशाचा कोड) दिलं की 'ऑगस्ट' आणि देवनागरी आकडे झकास दिसतात. पण पावतीची पीडीएफ सर्व्हरवर बनते, तिथे तोच कोड 'August'चा ठसा मारतो. एरर वगैरे काही नाही, गुपचूप इंग्रजी! सर्व्हरवर नोड १२ (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आहे. त्यात फक्त इंग्रजीचा आयसीयू डेटा (भाषेनुसार तारखा-आकडे लिहायची माहिती) असतो आणि १३ पासून सगळ्या भाषा येतात, इतपत शोध लागलाय. पण होस्टिंगवाला आवृत्ती बदलायला तयार नाही. फुल-आयसीयू पॅकेज (सगळ्या भाषांचा हाच डेटा) टाकून कोणी हे भागवलंय का? मेमरी किती खातं?

दुसरी भानगड आकड्यांची. हिंदी लोकेलला 1, 2, 3 असे इंग्रजी वळणाचे येतात, मराठीला मात्र आपोआप देवनागरी. दिसायला छानच, पण आमच्या खजिनदार काकांनी स्क्रीनवरची तारीख कॉपी करून शोधात टाकली आणि 'इनव्हॅलिड डेट'! (पायथनचं इंट '१५' सुद्धा मुकाट वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', म्हणतं.) लोकेलला 'यू-एनयू-लॅटन' जोडून आकडे इंग्रजी करता येतात, पण काकांना देवनागरीच हवेत. मग आत आयएसओ तारीख (वर्ष-महिना-दिवस अशी प्रमाण पद्धतीची) वेगळी ठेवू, की टाइप केलेले आकडे आधी बदलून घेऊ? तुम्ही काय करता?

आणि वेळ 'सकाळी ९:३०' अशी आणायला डेपिरियड (सकाळ-दुपार दाखवणारा पर्याय) भरवशाचा आहे का?