प्राण्यांची चित्रं, बारीक नक्षी आणि निवणारं मन : तुमचे अनुभव

शाळा सुटल्यावर पुन्हा कधी चित्र न काढलेली माणसंही हल्ली प्राण्याची बाह्यरेषा काढून तिच्यात नक्षी भरत बसलेली दिसतात. चित्र कुणाला दाखवायचं नसतं. तेवढा वेळ डोक्यातला गलका थांबतो, म्हणून काढायचं. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती हळू रेघ. रेघ सावकाश ओढली की नजर पेनाच्या टोकापाशी थांबते, आणि नजर थांबली की विचारांची साखळीही सैल होते. तुम्ही कोणता प्राणी काढता, कोणती नक्षी भरता, कधी भरता आणि तेव्हा नेमकं काय होतं, ते मोकळेपणाने लिहा. चित्र चांगलं येतं का, हा इथे प्रश्नच नाही.

*

माझं कासव! अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभराची बोलणी परत ऐकू यायला लागतात, म्हणून झोपण्याआधी कासव घेऊन बसते. बहुतेक कासवांच्या पाठीवर १३ मोठ्या ढाली असतात. मधल्या रांगेत ५, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि कडेने लहान ढालींची झालर. आधी पेन्सिलीने फिकट अंडाकार, मग मधली रांग, मग बाजूच्या. पेनाने एका ढालीची कड गिरवली की तिच्या आत तिच्याच आकाराची दुसरी रेघ, तिच्या आत तिसरी, असं मध्यापर्यंत जायचं. खऱ्या ढालीवरही वाढीची अशी वलयं दिसतात, त्यामुळे नक्षी उपरी वाटत नाही. दोन रेघांमधलं अंतर सारखं राखायचं म्हटलं की दुसरं काही मनात यायला जागाच उरत नाही. तीन-चार ढाली झाल्या की श्वास लांबलेला जाणवतो. कासव एका रात्रीत पुरं करायचा हट्ट नको. डोळे जड झाले की पेनाला टोपण लावायचं, उरलेल्या ढाली उद्या.

*

आईच्या आजारपणात रुग्णालयात बाहेरच्या बाकावर खूप वेळ बसावं लागायचं. पुस्तकात लक्ष लागत नव्हतं, मोबाइल पाहिला की धास्ती वाढायची. भाचीने जाड कागदाचे लहान चौकोन कापून दिले. कप्प्यांत बारीक नक्षी भरत जायच्या झेंटँगल नावाच्या पद्धतीत साडेतीन इंचांची, म्हणजे साधारण ९ सेंटिमीटरची अशीच चौकोनी ‘टाइल’ वापरतात, हे तिच्याकडूनच कळलं. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या अमेरिकन जोडप्याने ती पद्धत घडवली. त्यात खोडरबर नसतो. रेघ वाकडी गेली तर तिला धरून पुढची नक्षी करायची. त्या दिवसांत मला हे फार हवं होतं. मी घुबडं काढायचो. डोळ्यांची दोन मोठी वर्तुळं, मध्ये चोच, खाली छातीवर अर्धगोल पिसांच्या ओळी. आतून हाक आली की कागद खिशात. बरीच घुबडं अर्धवटच राहिली. आईने ती मागून घेतली आणि उशाशी ठेवली.

*

मला मात्र प्राण्यांनी शांत वाटत नाही. प्राणी काढायला घेतला की मन लगेच परीक्षक होतं, कान मोठे झाले का, पाय आखूड झाले का. मूळ झेंटँगलची टाइल अमूर्त असते, तिला वरची-खालची बाजूही नसते. चार कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडणारी चौकट, आत पेन्सिलीने सैल वळणांची एक ‘दोरी’, आणि दोरीने पडलेल्या कप्प्यांत पेनाने नक्षी. शेवटी पेन्सिलीची छाया. काय तयार होणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून बरोबर-चूक ठरवायला मापच नाही. ‘हुबेहूब यायला हवं’ या दडपणाखाली असणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं.

*

ताईंचं म्हणणं पटतं, पण यावर एक उपाय आहे: मासा. त्याच्या अंगाला फार मापं लागत नाहीत. लेकीला परीक्षेच्या काळात रडू कोसळायचं, तेव्हा आम्ही दोघं एकाच कागदावर मासा भरायचो, ती डोक्याकडून आणि मी शेपटीकडून. तिनेच मला थांबवलं. खवले कौलांसारखे एकावर एक असतात, पुढचा खवला मागच्याचं मूळ झाकतो, म्हणून सुरुवात कल्ल्यापासूनच करायची, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून कल्ल्यापासून एक ओळ ती भरते, पुढची मी. बोलणं फारसं होत नाही, आणि तेच दोघांना बरं वाटतं.

*

मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं अभ्यासांबद्दल. २००५ साली करी आणि कॅसर या संशोधकांनी आधी चिंता जागवलेल्या विद्यार्थ्यांना रंगवायला दिलं. काहींना मंडल म्हणजे वर्तुळातली नक्षी, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा जास्त उतरली. बांधीव पण पुरेशी गुंतागुंत असलेली रचना मनाला धरून ठेवते, असा मी त्याचा अर्थ लावते. कासवाच्या ढाली नेमकं हेच करतात. २०१६ च्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकाम केलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, कमी झालं, आणि त्यासाठी चित्रकलेची सवय असावी लागली नाही. पण कित्येक आठवडे झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. चित्र सोबतीला असू द्या.

*

वयामुळे माझा हात कापतो. पाव मिलिमीटरच्या बारीक टोकाने रेघ अडखळायची, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचं पेन आणि मोठा कागद घेतला. अस्वल आणि मेंढी हे माझे प्राणी, कारण केसाला नि लोकरीला सरळ रेघ लागतच नाही. हाताचा कंप लोकरीत मुरून जातो, उलट लोकर जास्त खरी दिसते. कोपर टेबलावर टेकवायचं आणि मनगट वळवण्याऐवजी कागदच फिरवायचा, खांदा दुखत नाही. नातवाने आता शिंगवाला मेंढा मागितला आहे. शिंगाचं वळण मात्र हळूच घ्यावं लागणार.