'प्रोग्नोसिस'ला मराठीत काय म्हणावं?

परभणीहून विचारणा
मावशीला पल्मोनरी हायपरटेन्शन निघालंय. डॉक्टर म्हणाले, "प्रोग्नोसिसबद्दल पुढच्या वेळी बोलू." तेव्हापासून ती "ते काय असतंय गं?" म्हणून विचारायली. 'रोगनिदान', 'पूर्वानुमान', 'भाकीत' असे तीन शब्द सापडले. यातला कोणता घ्यावा? आजाराला आम्ही 'फुप्फुसाचा बीपी' म्हणतो. पण दंडाचा बीपी नॉर्मल आला की तिला वाटतं, आजार गेला.

अंबाजोगाई, निवृत्त परिचारिका
ताई, 'रोगनिदान' आधी बाजूला ठेवा. निदान म्हणजे आजार कोणता ते ओळखणं. तुम्हाला पुढं काय होईल त्याचा शब्द पाहिजे.

'फुप्फुसाचा बीपी' मला आवडतो, बाया लगेच समजतात. फक्त जोडीला एवढं सांगा: हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात जाणाऱ्या धमनीतला हा दाब आहे, दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, अंदाज येतो. पक्का आकडा उजव्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालूनच. सरासरी दाब 20 मिमीच्या वर गेला की तो वाढलेला धरतात. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे, आधी 25 होता.

छत्रपती संभाजीनगर, निवासी डॉक्टर
'भाकीत' कृपा करून वापरू नका. भाकीत एका माणसाचं असतं आणि ते ठरल्यासारखं वाटतं. आम्ही सांगतो ती जोखीम, तीही तशा अनेक रुग्णांवरून काढलेली. खुद्द फुप्फुसाच्या धमन्यांचाच आजार असेल तर वर्षभरात मृत्यूची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असल्यास जोखीम कमी, 5 ते 20 मध्यम, 20 च्या वर जास्त. फेरतपासणीत मुख्यतः तीन गोष्टी बघतात: रोजच्या कामात दम किती लागतो, सहा मिनिटांत किती चालणं होतं, आणि रक्तातलं बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारा घटक. चालणं 440 मीटरच्या वर असेल तर चांगलं, 165 च्या खाली गेलं तर काळजीचं. पण गुडघे दुखत असले तरी आकडा घसरतो, म्हणून एकट्या आकड्यावरून काही ठरवू नये.

शब्दाआधी गट विचारा, म्हणजे दाब कशामुळं वाढलाय ते. डाव्या हृदयामुळं, झडपेमुळं किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळं दाब वाढला असेल तर हे गणित जसंच्या तसं लागत नाही. जुन्या गुठळ्यांमुळं असेल तर काही जणांना शस्त्रक्रियेनं मोठा फायदा होतो.

जालना
मग साधा 'अंदाज' काय वाईट? आपल्याकडं पिकांची पैसेवारी आधी नजरअंदाज निघते, मग सुधारित, मग अंतिम. मधे पाऊस झाला तर आकडा बदलतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. औषध लागू पडलं तर जोखीमही खाली येत असेल ना? माझी सूचना: 'पुढच्या वाटचालीचा अंदाज'.

छत्रपती संभाजीनगर, निवासी डॉक्टर
येते, म्हणूनच दर काही महिन्यांनी परत मोजतो. तुमचा शब्द उद्यापासून वापरतो.

लातूर, वैद्य
आयुर्वेदात यासाठी 'साध्यासाध्यता' आहे. त्यातला 'याप्य' इथं नेमका बसेल: आजार मुळातून जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर आवरलेला राहतो. 'असाध्य' म्हणलं की घरचे औषधच सोडतात. हा फरक जपायलाच पाहिजे.

परभणी
'याप्य' मावशीला कळणार नाही, पण माझ्या मनाला फार आधार झाला. तिला म्हणलं, "तुझं पुढं कसं राहील त्याचा अंदाज सांगणार हैत, अन् औषधानं फरक पडला की तो परत काढतेत." चालण्याच्या तपासणीचं सांगितलं तर तिचा लगेच प्रश्न: सहा मिनिटं थांबायचंच नाही का?

अंबाजोगाई, निवृत्त परिचारिका
थांबता येतं, भिंतीला टेकताही येतं. वेळ तेवढी मोजणं चालू राहते. रोजची चप्पल किंवा बूट घालून आणा, आणि तपासणी आहे म्हणून सकाळची गोळी चुकवू देऊ नका.